गालावरचा पोपडा

जिनेव्राच्या डाव्या गालाचा नखाएवढा तुकडा माझ्या टेबलावर, बाटलीच्या झाकणात ठेवलाय. परवा दुपारपर्यंत तो गालावर होता. तो कुणी काढला ते मला माहीत आहे. काढणाऱ्यालाही माहीत आहे आणि त्याला त्याचं समाधान वाटतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

थोडक्यात सांगते. माझ्याकडे जाड कागदाची एक वही आहे आणि तिच्यात मी रेनेसाँ काळातल्या चित्रांवरून पानं करते. ‘काढते’ म्हणत नाही, कारण त्यात काढणं फार थोडं. बाकी सगळं लिंपणं, चिकटवणं, पुसणं आणि वाळायची वाट बघणं. आधी कागदावर जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात. त्यावर स्टेन्सिल ठेवून मॉडेलिंग पेस्ट ओढायची, म्हणजे जुन्या जरीच्या कापडासारखी नक्षी उठून येते. चेहरा टिश्यू पेपरवर छापून मीडियमनं, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या डिंकासारख्या द्रवानं, चिकटवायचा. नीट चिकटला तर टिश्यू दिसेनासा होतो आणि चेहरा तेवढा उरतो. तो क्षण मला इतका आवडतो की त्यासाठी मी आजवर बरेच चेहरे सुरकुतवले आहेत. मग क्रॅकल पेस्ट. ती जाड थापून रात्रभर सोडायची, सकाळी भेगा पडलेल्या असतात. त्या भेगांत पातळ केलेला तपकिरी रंग भरून वरचा पुसून घ्यायचा. झालं पाचशे वर्षांचं जुनं पान, दीड दिवसात.

यात ब्रश धुवावे लागतात. ते मी बेसिनमध्ये धुते. म्हणजे धुवायची. जेसो आणि पेस्ट नळीत जाऊन घट्ट बसतात, पाणी तुंबतं, उतू जातं आणि वाट शोधत खाली जातं, हे आता मला कुणी समजावून सांगायची गरज उरलेली नाही. ब्रश आधी कागदाला पुसून घ्यावेत, एवढं मात्र तुम्हाला सांगून ठेवते.

खाली काका राहतात. बांधकामात हयात घालवून निवृत्त झालेले. दार उघडलं तर ते हातात टॉर्च घेऊन उभे. भरदुपारी.

“मॅडम, तुमचं पाणी माझ्या छतातून येतंय.”

मी माफी मागितली. खरोखरची. चूक माझीच होती. त्यांनी बेसिन बघितलं, खाली वाकून नळीवर टॉर्च मारला, बोटानं पांढरा गाळ काढून चोळला, वास घेतला आणि म्हणाले, “पीओपी?”

“जेसो आहे.”

“म्हणजे पीओपीच.”

इथे मी हुशारी करायला नको होती. पण त्यांचं म्हणणं जवळजवळ बरोबर निघालं, हे मला सहन झालं नाही. आजचा बाटलीतला जेसो अ‍ॅक्रिलिकचा असतो, पण मूळ इटालियन जेसो म्हणजे जिप्समची भुकटी आणि प्राण्यांच्या कातडीचा सरस. चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकारानं 1400च्या सुमारास लिहून ठेवलंय की, बारीक जेसोसाठी ही भुकटी महिनाभर पाण्यात ठेवायची, रोज ढवळायची आणि मग फळीवर निदान आठ हात द्यायचे. हे सगळं मी काकांना सांगितलं. माफी मागायला उभ्या असलेल्या बाईनं आणखी बोलू नये, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

“आठ हात,” काका म्हणाले. “आणि तुम्ही किती दिले?”

“दोन.”

“हं.”

त्या ‘हं’मध्ये माझं सगळं कलाजीवन मावलं.

मग त्यांची नजर टेबलावर गेली. पान नुकतंच पुरं झालं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. लिओनार्दोनं 1474 ते 1478च्या दरम्यान केव्हातरी काढलेली जिनेव्रा दे बेंची. 1967पासून ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. फ्लॉरेन्सच्या बँकरची मुलगी, मागे जुनिपरचं काळपट झाड, आणि चेहरा असा की, बोलावलंत म्हणून आले, आता आटपा. मोनालिसाचं हसू मला आजवर नीट कळलेलं नाही. जिनेव्राचं न हसणं मात्र पहिल्या नजरेत कळलं. त्या मूळ चित्रात लिओनार्दोच्या बोटांचे ठसे आहेत, ओला रंग त्यानं बोटांनी मऊ केला म्हणून. मीही तिच्या कपाळावर बोट फिरवून बघितलं होतं. टिश्यूला भोक पडलं, मग तिथे सोनेरी वर्खाचा तुकडा लावून टाकला. चालतं. मिक्स्ड मीडियात, म्हणजे कागद-रंग-पेस्टच्या असल्या खिचडीत, भोकाला ‘टेक्स्चर’ म्हणतात.

“हे काय झालं?” काकांनी विचारलं.

“क्रॅकल पेस्ट आहे.”

“क्रॅक गेलेत ते दिसतंय. कशामुळे गेले?”

“मी पाडलेत.”

“मुद्दाम?”

“हो.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरी सगळं ठीक आहे ना बाळ?”

बघा, दारात मी ‘मॅडम, तुम्ही’ होते. बेसिनपाशीसुद्धा ‘तुम्ही’ टिकून होतं. पानापाशी आल्यावर ‘बाळ’ झाले, आणि पुढचा सगळा संवाद ‘तू’वर झाला. बढती उलटी होते ती अशी.

“आणि ही कोण?”

“जिनेव्रा. लिओनार्दोनं काढलेली.”

“मोनालिसावाला? मग हिनं तोंड का पाडलंय?”

“ती तशीच आहे.”

“वरून गळत असेल,” काका म्हणाले. “मी चार दिवस असाच बसलोय.”

आता हसू दाबत गप्प राहायला हवं होतं. पण मला माझ्या भेगांची बाजू मांडायची होती. मी म्हटलं, “काका, जुन्या चित्रांना अशा भेगा असतातच. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं, वरचा थर कडक होत जातो, मग तडकतो. लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’चे, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्राचे, तर त्याच्या हयातीतच पोपडे निघायला लागले होते.”

पोपडे. हा शब्द काकांसमोर काढायला नको होता. ते खुर्ची ओढून बसले.

“भिंतीवर आहे ना ते? ओल्या गिलाव्यावर की कोरड्या?”

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही चित्रवेड्या मित्रानं विचारलेला नाही. मित्र विचारतात, त्यात खरंच काही गुप्त खूण आहे का. काकांनी थेट मुळावर बोट ठेवलं. मला कबूल करावं लागलं, कोरड्या.

“मग टिकणार कसं?”

नाहीच टिकलं. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग दिला की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत दगड होत जातो आणि रंग त्यातच कोंडला जातो. त्याला फ्रेस्को म्हणतात. पण त्यात एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा आणि तो वाळायच्या आत हात उरकायचा. लिओनार्दोला उरकणं माहीत नव्हतं. त्याला थांबायचं असायचं, बघायचं असायचं, पुन्हा येऊन गालावर सावली वाढवायची असायची. म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर टेम्परा, म्हणजे अंड्यात कालवलेला रंग, आणि तेल वापरलं. त्याचं मला मनापासून पटतं. तेच मी करते, फक्त मोनालिसा वगळून.

“काम कुणाचं होतं?” काकांनी विचारलं.

“मिलानच्या ड्यूकचं. लुदोविको स्फोर्झा.”

“सरकारी,” काका म्हणाले आणि मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं केस बंद झाली होती.

मीच ती उघडली. म्हटलं, ओलीचं सोडा, माणसांनीही कमी हाल केले नाहीत. चित्र मठात आहे, तिथल्या मठवाल्यांनी 1652मध्ये त्याच भिंतीत दार पाडलं आणि येशूचे पाय गेले.

“ती खोली कसली होती?”

“जेवणघर.”

“मग दार हवंच. वाढणारा येणार कुठून?”

मी हात टेकले. कारण ते दार खरोखर स्वयंपाकघराकडे जायला होतं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रांपैकी एकाच्या बाजूनं मी उभी, आणि समोरचा वाढप्याच्या बाजूनं. आणि बाजी वाढप्यानं मारली.

असं बोलता बोलताच ते झालं. काकांचा अंगठा जिनेव्राच्या गालाकडे गेला. मला तो जाताना दिसला. अगदी सावकाश, सवयीनं, घरी भिंतीकडे जातो तसा. नखाची कड भेगेत शिरली, जरा वर उचलली आणि ‘टिक’ असा बारीकसा आवाज झाला. तपकिरी कडेचा तुकडा त्यांच्या नखावर होता. गालावर जेसोचा पांढरा डाग उघडा पडला होता.

“बघ,” काका म्हणाले, “आतून सुटलंय. हे आधी सगळं खरवडून काढायला पाहिजे.”

मी काय बोलले? काहीच नाही. “असू दे” म्हणाले. वर “बरं झालं सांगितलंत” असंही म्हणाले, ते मला आजही टोचतंय. त्यांनी तुकडा मला परत दिला, दुकानदार सुटे पैसे देतो तसा तळहातावर. टेबलावरचा पॅलेट नाईफ उचलून “थापी चांगली आहे” असा शेरा दिला आणि गेले.

पोपडा दिसला की माणसाचं नख तिकडे जातंच, हे मला मान्य आहे. माझंही जातं. पण ‘लास्ट सपर’चं बघा. 1726मध्ये एकानं दुरुस्ती म्हणून त्यावर रंग चढवला, 1770मध्ये दुसऱ्यानं खरवडून पुन्हा आपला चढवला, दोघांच्याही मनात चांगलंच होतं. शेवटी 1978मध्ये ते सगळं उतरवायला बसले ते 1999मध्ये उठले. मूळ चित्र तीनेक वर्षांत झालं होतं. मदत निस्तरायला एकवीस लागली.

आणि काका तरी एकटे कुठे आहेत? वही बघणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवतो. एकजण म्हणाली, छान आहे पण स्वच्छ का नाही करत. दुसऱ्यानं विचारलं, हे फ्रेम करता येणार नाही, विकता येणार नाही, वही तर मिटतसुद्धा नाही, मग याचं पुढे काय? वही मिटत नाही हे खरं आहे. पानांमध्ये मेणकागद घातला नाही तर दोन संत एकमेकांच्या तोंडाला चिकटतात, हेही खरं आहे. पण तीन तास टीव्हीसमोर पडून राहणाऱ्याला कुणी विचारतं का, की याचं पुढे काय? त्याला म्हणतात, दमलाय. मी तीन तास बसले की म्हणतात, वेळ बरा मिळतो हो तुला. मी काही मोठी कलाकार नाही, ते मला ठाऊक आहे, दरवेळी कुणी समजुतीनं सांगायला नको. मला फक्त एक गाल हवा होता. एक.

राग आला तो याचाही की काकांचं निदान बरोबर होतं. क्रॅकल पेस्टला खाली ताठ आधार लागतो. वहीचं पान वाकतं आणि वरचा थर सुटतो. डब्यावरच तसं छापलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

मग मी मायकेलँजेलोचा रस्ता धरला. ‘लास्ट जजमेंट’चं, म्हणजे देवाच्या शेवटच्या निवाड्याच्या चित्राचं, काम चालू असताना पोपचा समारंभ-अधिकारी, ब्याजो दा चेझेना, बघायला आला आणि म्हणाला, एवढी नागडी माणसं चर्चमध्ये शोभत नाहीत. 1541मध्ये चित्र पूर्ण झालं तेव्हा नरकाच्या दारात न्यायाधीश मिनोस उभा होता. तोंड ब्याजोचं, कान गाढवाचे, अंगाला सापाचा विळखा, आणि साप जिथे चावतोय ते इथे लिहिण्यासारखं नाही. ब्याजो पोपकडे रडत गेला, तर पोप म्हणाला म्हणे, नरकात माझा अधिकार चालत नाही.

रात्री नवं पान घेतलं. या वेळी जेसोचे चार हात दिले, आठांची निम्मी अक्कल आली म्हणायची. मिनोस केला. चेहरा ओळखू येणार नाही पण मला ओळखू येईल इतपत. मिशी तीच. हातात टॉर्च दिला. कान मॉडेलिंग पेस्टचे, चांगले जाडजूड, पानाबाहेर येतील असे. साप काढला नाही, शेजार आहे.

आज सकाळी बेल वाजली. काका. छत वाळलं हे सांगायला आले होते, आणि सोबत घरात उरलेल्या पुट्टीची पिशवी आणली होती. “तुझ्या वहीसाठी. पीओपीपेक्षा ही बरी धरते.” मला पान लपवायला वेळच मिळाला नाही.

“हे कोण?”

“मिनोस. न्यायाधीश आहे.”

“न्यायाधीश!” काकांचा चेहरा उजळला. त्यांनी मिनोसला नीट न्याहाळलं, टॉर्चकडे बघून मान डोलावली. “कान मोठे आहेत. दोन्ही बाजू ऐकून घेत असणार.”

आणि अंगठा निघाला. मी “काका” म्हणेपर्यंत तो डाव्या कानात अर्धा रुतला होता. त्यांनी तो काढून उजेडात धरला, बोटाला लागलेली पेस्ट बघितली. कानात ठसा उमटला होता, रेघा न् रेघा मोजाव्यात असा.

“बघ,” काका म्हणाले, “इथेसुद्धा ओल आहे.”