दडलेली बॅटरी आणि नजरेआड राहिलेले बटण

मोबाईलमध्ये चार गुप्त सोयी असतात आणि कंपन्या त्या ग्राहकांपासून लपवतात, असे सांगणारा एक संदेश आधी ई-मेलमधून आणि पुढे व्हॉट्सॲपवरून वर्षानुवर्षे फिरत आला आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ऐन अडचणीच्या वेळी या माहितीवर विसंबणाऱ्याची फसगत होते, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा असा की, ‘स्टार ३३७० हॅश’ दाबले की राखीव बॅटरी खुली होऊन चार्जिंग ५० टक्क्यांनी वाढते. हा संकेत खरा आहे, मात्र तो जुन्या नोकिया फोनचा आहे आणि त्याचे काम नेमके उलटे आहे. कळफलकावरील ३, ३ आणि ७ या कळांवर ई, एफ आणि आर ही अक्षरे येतात; ‘ईएफआर’ म्हणजे ‘एन्हान्स्ड फुल रेट’, ही आवाज अधिक स्पष्ट ऐकू यावा यासाठीची पद्धत होती आणि तिने बॅटरी अधिकच खर्च होत असे. बॅटरी वाचवणारा संकेत ‘स्टार ४७२० हॅश’ हा होता. त्याने आवाजाचा दर्जा उतरत असे आणि बोलण्याचा वेळ काहीसा वाढत असे. राखीव साठा दोन्हींत नव्हता.

गाडीची किल्ली आत राहिल्यास घरच्या माणसाने दुसऱ्या रिमोटचे बटण फोनजवळ दाबावे, म्हणजे दार उघडेल, हा दावा तर साफ खोटा आहे. रिमोट रेडिओलहरी सोडतो आणि फोनवरून फक्त आवाज जातो.

चोरीच्या फोनविषयीचा दावा अर्धा खरा असल्यामुळे अधिक घातक आहे. ‘स्टार हॅश ०६ हॅश’ दाबल्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसतो, हे बरोबर आहे. मात्र हा क्रमांक सिमच्या कंपनीला फोनवर सांगितला की चोरीचा फोन बंद होतो, असे नाही. त्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवून, आपल्या जुन्याच मोबाईल नंबरचे नवे सिम घेऊन, केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. या व्यवस्थेची सुरुवात २०१९ मध्ये महाराष्ट्रापासूनच झाली होती. बंदी लागू झाल्यावर तो फोन भारतातील मोबाईल नेटवर्कवर चालत नाही, परंतु वाय-फायवर तो सुरू राहू शकतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि ते दोन्ही आजच वहीत उतरवून ठेवायला हवेत, कारण फोन गेल्यावर हा संकेत दाबायला फोनच हातात नसतो. (खरेदीचा खोका जपून ठेवला असेल, तर त्यावरही ते छापलेले असतात.)

शेवटचा दावा असा की, रेंज नसली तरी ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लागतोच. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल जाऊ शकतो आणि कळफलक लॉक असतानाही तो लावता येतो. पण कोणत्याच कंपनीचा टॉवर आवाक्यात नसेल, तर केवळ ११२ दाबून मदत मिळेल, असा भरवसा घाटात किंवा जंगलात कुणीही धरू नये.

खरी दुर्लक्षित सोय मात्र या संदेशात येतच नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार, १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटकाळात मदत मागण्यासाठी बटण असणे बंधनकारक झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरायची आणि स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबायचे, अशी ती तरतूद आहे. प्रत्यक्षात हे बटण फोनच्या प्रकारानुसार बदलते, त्यामुळे आपल्या फोनच्या सेटिंगमधील आपत्कालीन विभाग उघडून ते आधीच पाहून ठेवावे आणि घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवरही तपासून द्यावे.