जरा आवाज कमी करता येईल का?

"ताई, याचा आवाज जरा कमी करता येईल का?"

विमान धावपट्टी सोडून जेमतेम वर गेलं होतं. विचारणारे गृहस्थ खिडकीत, मी मधे, माझ्या मांडीवर चिरंजीव, कडेला नवरा. चिरंजीव रडत होते हे खरं. पण 'आवाज कमी करता येईल का' म्हणजे काय? बटण कुठे असतं?

आता आम्ही परदेशात सुखरूप पोचलोय. हॉटेल स्वच्छ आहे, हवा सुरेख आहे, तरी ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. पहाटेचे तीन वाजलेत. चिरंजीवांचं शरीर अजून घरच्या वेळेवर चालतंय, त्यामुळे ते टक्क जागे राहून खोलीतल्या फोनचा रिसीव्हर चाटतायत. नवरा घोरतोय. त्याच्या शरीराने मात्र इथली वेळ पहिल्याच रात्री आपलीशी केली. म्हणून मला लिहायला निवांत वेळ आहे. निवांत म्हणजे एका हाताने.

तयारीचं पुराण सांगत नाही. पासपोर्टच्या फोटोपुरतं सांगते, कारण तो राग वेगळा आहे. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि त्याच्या फोटोत डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहरा समोर, मागे पांढरं, आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. ज्याने हा नियम केला त्याने आयुष्यात एकदा तरी बाळ हातात धरलंय का, एवढंच मला विचारायचंय. डोळे उघडले की याचं तोंड उघडतं. तोंड मिटलं की डोळेही मिटतात. दोन्ही एकाच खटक्यावर चालतात.

तर, मांडी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला विमानात वेगळी जागा घ्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण 10 टक्के घेतात आणि मूल आईच्या मांडीवर बसतं. कागदावर 'पालकाच्या मांडीवर' लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. म्हणून सगळी सुज्ञ माणसं दुसऱ्या वाढदिवसाच्या आत घाईघाईने परदेशवारी उरकतात, तशी आम्हीही निघालो. परतायच्या आत वाढदिवस झाला तर येताना पूर्ण जागा घ्यावी लागते, म्हणून तारखाही त्याच हिशोबाने काढलेल्या. भिंतीला लावायचा पाळणा मागितला होता, पण त्याला वजनाची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी 10-11 किलोच्या आसपास. आमचं रत्न ती हद्द कधीच ओलांडून बसलंय. मग माझ्या पट्ट्याला जोडलेला एक छोटा पट्टा त्याच्या पोटाला, आणि आम्ही दोघं एकमेकांना जखडून बसलो. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा स्वतःच सांगते की मूल मांडीपेक्षा त्याच्या स्वतःच्या जागेवरच सुरक्षित, कारण विमान हादरलं तर हातांनी त्याला धरून ठेवणं जमत नाही. सांगते, आणि मांडीची परवानगीही देते.

आता गृहस्थ. त्यांच्याकडे ते बाहेरचा आवाज गाळणारे भलेमोठे, महागाचे हेडफोन होते. ते घालून त्यांनी डोळे मिटावेत आणि सुखात राहावं, अशी माझी भाबडी अपेक्षा. पण दर चार-पाच मिनिटांनी ते एका कानावरची वाटी उचलत, कान देऊन ऐकत, "अजून चालूच आहे" अशी बातमी मला देत आणि वाटी पुन्हा लावत. मला बातमी! जणू मी दुसऱ्या विमानात होते.

"काका, काढल्यावर ऐकू येणारच ना?" मी म्हटलं. गृहस्थ माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठे असतील. 'काका' मी मुद्दाम म्हटलं आणि ते लागलंही, कारण त्यांनी केसांवरून हात फिरवला.

"लावल्यावरही येतंय. उलट जास्त स्पष्ट येतंय!"

यात मात्र ते खोटं बोलत नव्हते. हे हेडफोन इंजिनाची सलग घरघर छान गाळतात. मुलाचं रडणं पडलं उंच पट्टीतलं आणि बेभरवशाचं, ते त्यांच्या तावडीत नीट सापडत नाही. म्हणजे माणसाने एवढे पैसे मोजून इंजिन बंद केलं होतं आणि माझ्या मुलाची मैफल विनाव्यत्यय ऐकत होता.

"कानात दडे बसलेत त्याच्या," काकांनी निदान केलं. "गिळायला द्या काहीतरी."

"दूध दिलं, पाणी दिलं, बिस्किट दिलं."

"मग जांभई द्यायला सांगा."

"दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला जांभई द्यायला कशी सांगतात?"

"सांगू नका. करून दाखवा." आणि त्यांनी दाखवली. पट्टा बांधलेल्या अवस्थेत जितकं वळता येईल तितकं वळून, चिरंजीवांच्या नाकासमोर त्यांनी असा काही आ वासला की मला त्यांच्या दाढेतलं चांदीचं सिमेंट दिसलं. चिरंजीव क्षणभर थांबले. आत डोकावले. काकांनी विजयी मुद्रेने दुसरी जांभई दिली, ती आता खरीखुरी होती. मग मला आली. मग नवऱ्याला, सिनेमावरची नजर न हटवता. पलीकडच्या रांगेतल्या बाईंना आली, पाणी घेऊन आलेल्या हवाई सुंदरीने ट्रेआड तोंड लपवलं. अख्ख्या परिसरातल्या कानांचे दडे मोकळे झाले, एक मूल सोडून. त्याने काकांच्या तोंडात अर्धं भिजलेलं बिस्किट सारलं आणि नव्या दमाने सूर लावला.

काकांनी ते बिस्किट रुमालात घेतलं, घडी केली आणि तो रुमाल माझ्याकडे दिला. नवऱ्याकडे नाही. माझ्याकडे.

इथे मला हसू येईनासं होतं. सुरक्षा तपासणीतही हेच. 2006 सालच्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात द्रवाची 100 मिलीपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. बाळाच्या दुधाला सूट असते, पण ते दाखवावं लागतं, तपासू द्यावं लागतं. कट करणारे पकडले गेले, त्यांना शिक्षा झाली, आणि दुधाच्या बाटलीचं स्पष्टीकरण मी देतेय. शेजारी नवरा एका हातात कमरेचा पट्टा आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन इतक्या निरागसपणे उभा, की अधिकाऱ्याला वाटावं हा यांच्याबरोबर नसावाच. त्याला कुणी काही विचारलं नाही. "बाळाचं दूध किती वाजता?", "याला स्वेटर नाही का घातला?", "डायपर कुठे टाकलात?", सगळं मला. विमानाच्या शौचालयातली ती डायपर बदलायची फळी उघडली की उरलेल्या जागेत एक माणूस तिरका मावतो. ते तिरकं माणूस कोण, हे सांगायला हवं का?

मधे एकदा, सिनेमा संपल्यावर, नवऱ्याने चिरंजीवांना उचललं आणि मागच्या पडद्यापर्यंत एक फेरी मारून आणली. एक. काकांनी दोन्ही वाट्या उतरवल्या, म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य तुमच्या लक्षात येईल.

"नशीबवान आहात हो," ते मला म्हणाले. "आजकालचे बाप किती करतात!"

मी उत्तर दिलं नाही. माझ्या तोंडात औषधाच्या बाटलीचं झाकण होतं.

विमान उतरायला लागलं तेव्हा चिरंजीव गाढ झोपले. "उठवा, उठवा," काका कुजबुजले, "उतरताना दडे जास्त बसतात." हेही शास्त्र म्हणून बरोबरच. पण मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खिडकीकडे वळले. थोड्या वेळाने पाहते तर स्वतःच नाक दाबून, गाल फुगवून, डोळे लाल करून बसलेले. मी पिशवीतून बिस्किट काढून पुढे केलं. त्यांनी निमूटपणे घेतलं, खाल्लं, आणखी एक मागितलं.

सामानाच्या पट्ट्यापाशी पुन्हा भेटले. माझ्या खांद्यावर झोपलेलं मूल, पाठीवर पिशवी, हातात दुमडलेली बाबागाडी. काका मला ओलांडून थेट नवऱ्याकडे गेले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "छान सांभाळलंत हं मुलाला."

आणि नवरा म्हणाला, "थँक्यू." म्हणालाच!

परतीच्या जागा मी मघाशीच फोनवरून बदलून टाकल्या. खिडकी माझी. मधली नवऱ्याची. तो उठला की सांगेन.