‘माणूस म्हणजे मेंढरू’ असे मानसशास्त्र म्हणत नाही

सांगलीतल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. माणूस मेंढरासारखा असतो, चार जण म्हणतील ते खरे मानतो, वरिष्ठ सांगतील ते करतो आणि गर्दीत कोणी मरत असले तरी बघत उभा राहतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे, असा त्याचा आशय आहे. त्यात दिलेले दाखले प्रसिद्ध आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिला दाखला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या, रेषांची लांबी ओळखण्याच्या प्रयोगाचा आहे. त्यात एकच सहभागी खरा असे आणि बाकीचे सगळे आधी ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. ‘सगळेच गटामागे गेले’ असे संदेश म्हणतो. प्रत्यक्षात अशा फेऱ्यांतल्या सुमारे ३७ टक्के उत्तरांत सहभागी गटामागे गेले, उरलेल्या फेऱ्यांत ते स्वतःच्या डोळ्यांशी प्रामाणिक राहिले आणि साधारण चारांतला एक जण तर एकदाही ढळला नाही. एकट्याने उत्तर देताना चुकण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते, त्यामुळे गटाचा दाब खरा होता हे मान्यच करावे लागते. परंतु ॲश यांनी पुढे गटातल्या एकाच माणसाला बरोबर उत्तर द्यायला लावले, तेव्हा चुका जवळजवळ एक चतुर्थांशावर आल्या. मला त्यांच्या संपूर्ण कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो आणि संदेशात नेमका तोच गाळलेला आहे.

दुसरा दाखला मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रम यांचा. येल विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी, प्रयोग घेणाऱ्याच्या आज्ञेवरून आणि दुसऱ्या माणसाला खरोखर विजेचा धक्का बसतो आहे अशा समजुतीने, ४५० व्होल्टपर्यंतची कळ दाबली. हा आकडा अस्वस्थ करणारा आहे आणि तो सौम्य करून सांगण्याची माझी इच्छा नाही. मात्र आज्ञा देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे एक पंचमांश उरले. आणि सोबतच्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. आज्ञाधारकपणा हा माणसाचा अटळ स्वभाव असता तर मांडणी बदलताच तो इतका ओसरला नसता.

गर्दीविषयीचा दावा १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या किटी जेनोव्हीज या तरुणीच्या खुनावर उभा आहे. ३८ जण नुसते पाहत राहिले, ही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची त्या वेळची बातमी सदोष होती, हे पुढे त्याच वृत्तपत्राने मान्य केले. प्रयोगशाळेत बघे वाढले की प्रत्येकाला वाटणारी जबाबदारी विभागली जाते, हे खरेच आढळले; पण त्यावरून ‘कोणीच पुढे येत नाही’ हे सिद्ध होत नाही. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरील कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांच्या अभ्यासात दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडलेला दिसला.

दुसऱ्याकडे पाहून वागणे म्हणजे अक्कल गहाण ठेवणे, हे संदेशाचे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. लोकांत वेगळे पडण्याची भीती आणि दुसऱ्याला आपल्याहून अधिक ठाऊक असेल हा अंदाज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मानसशास्त्र १९५५ पासून सांगत आले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी चढत असताना आमच्या गल्लीतली बहुतेक घरे एकमेकांकडे पाहून थांबली, ती भीतीने नव्हे. २००५ च्या पुराची खूण सर्वांच्या मनात होती आणि पाणी तिच्यापुढे जाणार नाही असे जाणती माणसे सांगत होती. अखेर समोरच्या आजींनी कोणाला न विचारता धान्याची पोती माळ्यावर चढवायला घेतली, आणि ते पाहून दुपारपर्यंत सात-आठ घरांनी आपले सामान वर हलवले.