युरोपची मानकं ब्रसेल्सचे बाबू लिहीत नाहीत

यंत्रं आणि सुटे भाग युरोपला पाठवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच : “युरोपियन स्टँडर्ड ब्रसेल्समधले सरकारी बाबू बंद खोलीत ठरवतात. ती कायद्याने सक्तीची असतात. मालावरची ‘सीई’ (CE) ही अक्षरं म्हणजे युरोप सरकारने माल तपासल्याचा शिक्का, आणि अक्षरं जवळजवळ असतील तर तो ‘चायना एक्स्पोर्ट’. आपल्याला त्यात बोलायला जागाच नाही, मुकाट पैसे भरायचे.”

भोसरीतल्या छोट्या कारखान्यांच्या टेक्निकल फाइली (यंत्र नियमांत बसतं हे दाखवणारी कागदपत्रं) तयार करणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून लोक नको तिथे पैसे घालवतात आणि जिथे तोंड उघडायला हवं तिथे गप्प राहतात, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“बाबू ठरवतात.” युरोपात मानकं करणाऱ्या अधिकृत संस्था तीन : 1961 पासूनची सेन, विजेच्या सामानासाठी 1973 मध्ये आलेली सेनेलेक आणि दूरसंचारासाठी 1988 ची एत्सी. पहिल्या दोघींचा पत्ता ब्रसेल्सचा, म्हणूनच बहुधा गोंधळ होतो. पण सेन हे युरोपियन कमिशनचं, म्हणजे युरोपीय संघाच्या प्रशासनाचं, खातं नव्हे. तिचे सदस्य म्हणजे 34 देशांच्या मानक संस्था, जर्मनीची डिन, फ्रान्सची आफ्नोर वगैरे. ब्रिटन, तुर्की, सर्बिया हे युरोपीय संघाबाहेरचे देशही त्यात आहेत. कमिशन अमुक विषयावर मानक करा अशी रीतसर विनंती धाडू शकतं, मसुदा मात्र लिहितात तांत्रिक समितीच्या कार्यगटातली माणसं. यंत्रं बनवणाऱ्यांचे इंजिनिअर, चाचणी प्रयोगशाळांचे लोक, कामगार सुरक्षेचे तज्ज्ञ. समितीचं कार्यालय कुठल्या तरी एका देशाची संस्था सांभाळते. यंत्रांच्या सुरक्षिततेची समिती, टीसी 114, डिनकडे आहे.

मसुदा उभा राहिला की तो ‘पीआरईएन’ (ईएन म्हणजे युरोपियन मानक, हा त्याचा मसुदा) या नावाने सगळ्या देशांत जाहीर चौकशीसाठी जातो. मुदत साधारण 12 आठवडे. या टप्प्यावर जो तक्ता भरतात तो एकदा पाहाच, बंद खोलीचा समज तिथेच गळून पडतो. पहिल्या रकान्यात देश, मग ओळ आणि कलमाचा क्रमांक. त्यापुढे हरकतीचा प्रकार : सर्वसाधारण, तांत्रिक की भाषेची. त्यानंतर हरकत, तिच्यापुढे तुम्ही सुचवलेला नेमका बदललेला मजकूर, आणि शेवटच्या रकान्यात समितीचं उत्तर. ‘हे कलम चुकीचं आहे’ एवढं लिहून भागत नाही, त्याजागी काय हवं तेही तुम्हीच लिहायचं. स्वल्पविरामापासून मिलिमीटरपर्यंत प्रत्येक हरकतीची दखल घ्यावी लागते. त्यानंतर औपचारिक मतदान, आणि त्यात लोकसंख्येचंही वजन धरलं जातं. मंजूर झालेलं मानक प्रत्येक सदस्य देशाला राष्ट्रीय मानक म्हणून घ्यावं लागतं (म्हणून जर्मनीत डिन ईएन, फ्रान्समध्ये एनएफ ईएन अशी नावं) आणि त्याच्याशी विसंगत असलेलं जुनं राष्ट्रीय मानक मागे घ्यावं लागतं. ही सक्ती आहे खरी, पण ती मानक संस्थांवर, तुमच्या कारखान्यावर नाही.

म्हणजे “कायद्याने सक्तीची” हे दुसरं वाक्यही लंगडं. 1985 च्या ‘न्यू अप्रोच’ या धोरणापासून युरोपचा कायदा फक्त मूलभूत गरजा सांगतो : फिरत्या भागात हात जाता कामा नये. तो कसा जाऊ द्यायचा नाही, याची एक वाट मानक दाखवतं. गार्डच्या, म्हणजे फिरत्या भागापुढच्या संरक्षक जाळीचंच उदाहरण घ्या. ईएन आयएसओ 13857 (आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संघटना) या मानकातला तक्ता म्हणतो, चौकोनी भोक 12 मिमीपेक्षा मोठं आणि 20 मिमीपर्यंत असेल, तर धोक्याचा भाग जाळीपासून किमान 120 मिमी आत हवा. भोक 8 ते 10 मिमीचं ठेवलं तर 25 मिमी पुरे. बोट किती जाईल, पंजा कुठे अडेल, याच्या मापांवरून आलेले हे आकडे. तुम्ही वेगळी रचना करू शकता, कुणी अडवत नाही. पण मानक पाळलं, आणि त्याचा क्रमांक युरोपीय संघाच्या राजपत्रात आलेला असला, तर तुमचं यंत्र त्या मुद्द्यापुरतं कायद्याला धरून आहे असं गृहीत धरतात. वेगळी वाट धरलीत तर सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. कोणत्या कलमाने कायद्याची कोणती गरज भागते, ते मानकाच्या शेवटी परिशिष्ट झेडएमध्ये असतं. मी मानक हातात घेतलं की आधी तेच पान उघडतो.

मानकाचा क्रमांक राजपत्रात आपोआप येतो असंही नाही. माती खोदणाऱ्या यंत्रांच्या ईएन 474-1 वर हरकत आली, चालकाच्या जागेवरून आजूबाजूचं पुरेसं दिसतं का, यावर. 2015 मध्ये कमिशनने तेवढा भाग वगळूनच त्याचा क्रमांक छापला.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ऐच्छिक असली तरी ही मानकं कायद्यापासून फार दूर नाहीत. डब्लिनमधल्या एका युवा केंद्राची फरशी भरावातल्या पायराइट या खनिजामुळे फुगली आणि खडीच्या ईएन 13242 वरून वाद थेट युरोपीय न्यायालयात गेला. 2016 मध्ये न्यायालयाने ठरवलं की असं मानक युरोपीय कायद्याचा भाग आहे.

सीईबद्दल थोडक्यात. तो शिक्का सरकार मारत नाही, उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. बहुतेक यंत्रांना कुठलंही सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. लागते ती तुमची टेक्निकल फाइल आणि यंत्र नियमांत बसतं असं तुमच्या सहीचं डिक्लरेशन. हाताने माल लावायचे प्रेस, लाकडाच्या गोल करवती अशा मोजक्या यंत्रांना नियम कडक आहेत. तेव्हा ‘सीई सर्टिफिकेट’ विकणारा एजंट भेटला, तर हे कोणत्या कायद्याखाली आणि कुणाच्या अधिकारात, एवढं आधी विचारा. आणि ‘चायना एक्स्पोर्ट’? 2007 मध्ये युरोपीय संसदेत हा प्रश्न लेखी विचारला गेला. असं कोणतंही चिन्ह आपल्याला माहीत नाही, असं कमिशनने सांगितलं. अक्षरांचं अंतर चुकलं तर तो नियमाला सोडून छापलेला सीई, एवढंच.

शेवटचं वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. “आपल्याला बोलायला जागाच नाही.” 1991 च्या व्हिएन्ना करारानुसार सेन आणि आयएसओ अनेक मानकं एकत्रच करतात. ज्याच्या नावात ‘ईएन आयएसओ’ आहे, वरचं 13857 धरून, त्याचा मसुदा आयएसओत होत असेल तर भारताचं मत भारतीय मानक ब्यूरोमार्फत तिथे जातं. 1947 मध्ये आयएसओ सुरू झाली तेव्हापासून भारत सदस्य आहे.

खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती करायलाच हवी. समितीत बसायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तो मोठ्या कंपन्यांकडे असतो. युरोपातही हे ओळखलेलं आहे. म्हणून 2012 च्या नियमाने ग्राहक, कामगार, पर्यावरण आणि लघुउद्योग यांच्या संघटनांना वेगळं स्थान दिलं. मानकांच्या किमतीचा जाच तर छोट्या कारखान्याला पहिल्या दिवसापासून. त्यावर, कायदे आणि मानकं सगळ्यांना खुली असावीत म्हणून झटणाऱ्या कार्ल मालामूद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने लढा दिला. 5 मार्च 2024 रोजी युरोपीय न्यायालयाने खेळण्यांशी आणि निकेलशी संबंधित चार मानकं खुली करण्यात मोठं जनहित आहे, असं म्हटलं. याच मालामूद यांचा आपल्या मानक ब्यूरोशीही असाच झगडा झाला होता. आज बरीच भारतीय मानकं ब्यूरोच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

युरोपचा यंत्रांचा नवा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू होतोय आणि त्यासाठी मानकं पुन्हा तपासली जात आहेत. ब्यूरो आपले मसुदे हरकतींसाठी संकेतस्थळावर टाकतो, तिथेही कलम, हरकत आणि सुचवलेला बदल असाच तक्ता असतो. जाळी कापणाऱ्या, गार्ड वेल्ड करणाऱ्या माणसाला त्यातली चूक पहिल्यांदा दिसते. तुम्हाला दिसली तर कलमाचा क्रमांक आणि तुमचा मजकूर मला पाठवा, तक्ता मी भरून देतो.