चढव, धर, उतरव

आमच्या पिकअपला ब्रेक नव्हते असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. ब्रेक होते, फक्त त्यांना आधी कळवावं लागायचं. फोंडा घाट उतरताना पुढच्या वळणाची काळजी मागच्या वळणावरच करायची, दुसरा गिअर टाकायचा, पेडल दोनदा पंप करायचं आणि रामेश्वराचं नाव घ्यायचं. गाडी थांबायची. कधी वळणाआधी, कधी वळणानंतर.

गाडी २००८ सालची. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी मिळेल ते भाडं: चिरे, खताची पोती, मासळीचे ट्रे, एकदा तर दशावतारी मंडळींचे पेटारे. यात घात केला तो मासळीने. ट्रेमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून नेमकं मागच्या ॲक्सलवर ठिबकत राहतं. त्यात आमची दर्याची हवा. घरातल्या खिळ्याला गंज चढायला एक पावसाळा पुरतो, इथे तर पंधरा-सोळा झाले होते.

यंदा आंबा संपल्यावर कोल्हापूरहून खत भरून येत होतो. अर्ध्या घाटात जळका वास सुटला. शेजारी बसलेले आबा म्हणाले, "कायतरी करपला." ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकातल्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, तापले होते. घरी पोचेपर्यंत आबा एवढंच बोलले, पण उतरताना त्यांनी गाडीच्या पाया पडून घेतलं. असं त्यांनी आजवर फक्त विमानाच्या बाबतीत केलं होतं.

गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला आणि माझ्यातला कारागीर जागा झाला. पुण्याहून भाचा आला होता. तो म्हणाला, "मामा, ड्रम कोण वापरतं आता? मागे डिस्कच टाकू." त्याने मोबाईलवर कुठल्या तरी वाळवंटात असलं काम हसत हसत करणारा माणूस दाखवला. मी गाड्यांची कामं जाणणाऱ्या मेस्त्रींना विचारलं. त्यांनी विडी विझवली. "आणि हँडब्रेक खंय बांधतलंस? आंब्याक?" मुद्दा बिनतोड होता. हँडब्रेकची केबल ड्रमच्या आतले लायनर ओढते. डिस्क टाकली की त्यासाठी वेगळी सोय हवी, शिवाय पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडरही जुळायला हवा. शेवटी ठरलं ते असं: त्याच गाडीच्या पुढच्या, जास्त वजन पेलणाऱ्या मॉडेलचे मोठे ड्रम आणि रुंद लायनर कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणायचे, आणि व्हील सिलिंडर, स्प्रिंगा, रबरी पाईप नवे घ्यायचे.

मेस्त्रींनी गाडीखाली वाकून आणखी एक गोष्ट दाखवली. पिकअपच्या मागच्या ॲक्सलपाशी एक झडप असते. हौदा वजनाने किती बसलाय हे ती एका दांडीवरून ओळखते आणि त्या हिशेबाने मागच्या चाकांना दाब सोडते. गाडी रिकामी असताना मागे पूर्ण दाब गेला तर चाकं जाम होऊन गाडीचं बूड फिरतं, म्हणून ही व्यवस्था. आमची झडप गंजून अशी ठाम बसली होती, की तिच्या मते गाडी कित्येक वर्षं रिकामीच होती. पन्नास पोती भरली तरी तिचं मत बदलत नव्हतं. घरोघरी अशी एखादी व्यक्ती असते, त्यामुळे मला राग आला नाही. ती झडपही यादीत घातली.

मृगाच्या तोंडावर खळ्यात काम काढलं. पहिला तास जॅकने खाल्ला. गाडी वर जायच्याऐवजी जॅक खाली जात होता. खाली फळी घातली तेव्हा कुठे प्रकरण सुलट झालं. टेकूला मी चिरे रचणार होतो, पण आबांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. घर चिऱ्यावर उभं राहतं, पण गाडीच्या वजनाने चिरा मधोमध उकलतो आणि उकलताना सांगत नाही. मग फणसाचे दोन ओंडके आले.

ड्रम निघेना. डिझेल पाजलं, घण घातले, भाच्याने पुण्याची इंग्रजी घातली. आवाजाने वाडी जमली आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. तिसऱ्या तासाला मेस्त्री आले. ड्रमच्या तोंडावरची दोन भोकं त्यांनी खरवडून मोकळी केली, त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने पिळत गेले, आणि ड्रम फणसाच्या गऱ्यासारखा अलगद बाहेर आला. ती भोकं त्यासाठीच असतात. आम्हाला वाटलं होतं, हवा खेळायला असतील.

आत काळ्या धुळीचा थर. भाचा फुंकर मारणार एवढ्यात मेस्त्रींनी त्याचं तोंड धरलं. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती ओल्या फडक्यानेच पुसायची. एवढं सांगून मेस्त्री जेवायला गेले, आणि आम्ही उत्साहाच्या भरात दुसरी बाजूही खोलून ठेवली. परत आल्यावर ते कपाळाला हात लावून बसले. "दोनय बाजू उघडलंस? मगे आता कॉपी कोणाची करतलंस?"

एका ड्रममध्ये किती स्प्रिंगा असतात हे मी सांगू शकत नाही, कारण एक पातेऱ्यात उडाली ती कोंबडीने शोधून दिली आणि एक अजून बेपत्ता आहे. सुदैवाने नव्या आणलेल्या होत्या. बायकोने सगळे सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन केळीच्या पानावर मांडून दिले. मांडताना तिने विचारलं, "अहो, ह्या एकावर एल कोरलंय आणि दुसऱ्यावर आर. वेगवेगळे आहेत का?" मी म्हणालो, "कंपनीचं काहीतरी असतं."

मग ब्रेकच्या पाईपांतली हवा काढायचं काम. हे दोन माणसांचं असतं. एकाने पेडल तीनदा दाबून दाबलेलंच ठेवायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा, बुडबुड्यांसकट ऑइल नळीतून बाटलीत येतं, निपल बंद करायचा, आणि मगच पेडल सोडायचं. क्रम चुकला की हवा परत आत. सुरुवात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. नळी म्हशीच्या आजारपणातली सलाईनची होती. पेडलवर बायको.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

मी निपल उघडला आणि भाच्याला म्हणालो, "बाटली सोड, मी धरतो." गाडीतून आवाज आला, "सोडलं!" नळीतलं ऑइल बुडबुड्यांसह उलटं आत गेलं.

पुढच्या खेपेला मुंबईहून तिच्या बहिणीचा फोन आला. त्याच्या पुढच्या खेपेला मी "धर" म्हणालो ते आबांना, छत्रीबद्दल. सहाव्या खेपेला बायको खाली उतरली. "हे तुमचे शब्द बदला. दिवसभर घरात सगळे हेच बोलतात. मला स्वयंपाकातले सांगा." ठरलं: चढव, धर, उतरव.

काम तव्यावरच्यासारखं सुरू झालं. "चढव!" "चढवलं." "धर." "धरलं." "उतरव!" तेवढ्यात गडग्यावरून शेजारच्या तात्यांनी डोकं काढलं. "काय रे, खळ्यात घावणे घालतंस?" त्यांच्या हातात खरंच ताटली होती.

चौथ्या चाकाला बायको म्हणाली, "आता खाली जाईना. पायरीवर पाय ठेवल्यासारखं वाटतंय." या कामातलं याहून अचूक वाक्य मी कुणा मेकॅनिककडूनही ऐकलेलं नाही.

त्या आनंदात ब्रेक ऑइलची बाटली मी हौद्याच्या कडेवर ठेवली. झाकण लावलं होतं असं मला अजून वाटतं. हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं असतं, नाहीतर रंग सोलून निघतो. आम्ही जेवायला बसलो होतो.

दोन दिवस ब्रेक असे लागले, की आबा पुढच्या काचेला नाक लावून आले. तिसऱ्या दिवसापासून पेडल पुन्हा खोल जाऊ लागलं. मेस्त्रींनी ड्रम काढला आणि हसत खालीच बसले. लायनर झिजेल तसतसं अंतर भरून काढणारी जी चक्री असते, तिचे आटे डाव्या-उजव्याला उलटे असतात. मी त्या अदलाबदल करून बसवल्या होत्या, त्यामुळे ब्रेक मारला की आवळायच्याऐवजी ढिल्या होत होत्या. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही. केळीचं नवं पान कापून आणलं आणि एलवाली चक्री डाव्या अंगाला ठेवली.

रविवारी देवळाच्या उतारावर चाचणी घेतली. हौद्यात वीस पोती खत, मागे मोटारसायकलवर तात्या. मी ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली, बूड तसूभर हललं नाही. तात्याही थांबले, पण उतरले नाहीत. हौद्याच्या मागच्या फळीकडे बघत राहिले. तिथे गेली सोळा वर्षं पिवळ्या ऑइलपेंटमध्ये 'श्री देव रामेश्वर प्रसन्न' असं लिहिलेलं होतं. ब्रेक ऑइलचा ओघळ बरोबर 'प्र'वरून गेला होता.

"रामेश्वर सन्न?" तात्यांनी मोठ्याने वाचलं. "मगे गाडीत बसणाऱ्यांचा काय?"