‘आरसी हातात आली की गाडी आपली’? जरा थांबा

जुनी गाडी घेताना-विकताना फसू नये म्हणून एक मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. सार असं: दलाल टाळा, थेट मालकाशी बोला. मालक फौजी असेल तर डोळे मिटून घ्या. मूळ आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि दोन्ही चाव्या मिळाल्या की गाडी आपली. विकणाऱ्याने मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या की तो मोकळा. वर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला बराचसा सल्ला भामट्यांच्याच पथ्यावर पडणारा आहे.

आधी फौजी. महू आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, इन्फंट्री स्कूल तिथे, आर्मी वॉर कॉलेज तिथे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, गाड्या विकायला निघतात, हे इंदूरकर वर्षानुवर्षं बघतोय. भामट्यालाही ते ठाऊक असतं. ‘महूहून आसामला बदली झालीय, घाईत काढायचीय’ असं म्हणत तो बाजारभावाच्या निम्मी किंमत सांगतो. सोबत वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आधार. कागद खरे असले तरी ते त्याचेच आहेत कशावरून? गाडी बघायला येतो म्हटलं की उत्तर तयार: छावणीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच पाठवतो. मग आधी भाडं, मग जीएसटी, मग ‘परत मिळणारी’ अनामत. गाडी काही येत नाही. खऱ्या जवानाला गाडी विकायची असली तर तो ती गेटबाहेर आणून दाखवतो, चालवूही देतो. समोर गाडी नाही तर टोकनही नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

हाच ‘फौजी’ गिऱ्हाईक बनूनही येतो. तुमच्या स्कूटरला घासाघीस न करता हवा तो भाव देतो आणि पैसे ‘पाठवायला’ क्यूआर कोड धाडतो. विश्वास बसावा म्हणून आधी एक रुपया मागून दोन परतही करतो. पण यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. गेलेच, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता ‘मूळ आरसी’. आरसी हरवली असं सांगून मालक डुप्लिकेट काढू शकतो. म्हणजे एकाच गाडीच्या दोन आरसी दोन खिशांत असू शकतात, आणि चाव्या तर कुठेही बनतात. त्यामुळे कागदापेक्षा नोंद बघा. एमपरिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाका. बँकेचा बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मागा. कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. चासीवर कोरलेला नंबर स्वतः वाकून वाचा आणि आरसीशी ताडा. आकड्यांभोवती घासल्याची खूण असली तर तिथूनच परता. चोरीच्या गाड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन तपासणी आहे. चोरीचा माल विकणाऱ्याला मालकीच नसते, मग तो ती तुम्हाला देणार कुठून? पूर्ण पैसे मोजलेत म्हणून गाडी तुमची होत नाही.

सगळ्यात घातक वाक्य मात्र सह्यांचं. फॉर्म 29 आणि 30 वर सही म्हणजे फक्त अर्ज. ते आरटीओत दाखल व्हावे लागतात: विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. राज्याबाहेर विकली तर विकणाऱ्याची मुदत वेगळी, शिवाय आरटीओची एनओसीही. घेणारा म्हणतो, ‘भिया, पुढच्या आठवड्यात करतो’, आणि गाडी तिसऱ्याला विकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निकाली काढलेल्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात हेच झालं होतं. गाडी 2007 मध्ये विकलेली, पुढे हातोहात फिरलेली, 2009 मध्ये अपघात. भरपाईची जबाबदारी आली ती ज्याचं नाव अजून नोंदीत होतं त्याच्यावर. स्टॅम्पपेपरवरची नोटरी ही नोंद बदलत नाही. पैशाच्या वादात ती पुरावा म्हणून कामी येईल, बस्स. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. नायता मुंडल्याच्या आरटीओपर्यंतची एक चक्कर स्वतः मारा आणि नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत थोडी रक्कम किंवा एक चावी अडकवून ठेवा, ज्याला जे जमेल ते.

दलालाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पण 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना परिवहन विभागाकडून अधिकृत होण्याची सोय आहे. अशा डीलरच्या ताब्यात गाडी देताना फॉर्म 29सी भरला की पुढची जबाबदारी त्याची. ओळखीच्या थेट खरेदीदारापेक्षा हा मार्ग विकणाऱ्याला अधिक सुरक्षित. फक्त त्याचं अधिकारपत्र बघून घ्या, दुकानावरची पाटी नव्हे.

मेसेजमध्ये फास्टॅगचा उल्लेखच नाही. कार विकलीत तर टॅग बँकेकडून बंद करून घ्या, नाहीतर नवा मालक देवासला जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कटेल.