पाटीवरचा ए

माझ्या मेहुण्याने सांगलीत गणपती पेठेजवळ वह्या-पेनांचे दुकान काढले आणि 'दाजी, इंग्रजी तेवढं तुम्ही बघा,' असे म्हणून मला फ्लेक्सवाल्यासमोर बसवले. इंग्रजीत 'स्टेशनरी' असा उच्चार होणारे दोन शब्द आहेत. शेवटच्या आर-वायच्या आधी ई असेल तर कागद, पेन, पाकिटे. ए असेल तर जागचे न हलणारे काहीही. एन्व्हलपचा ई तोच कागदाचा ई, ही खूण इंग्रजांच्या मुलांनाही शिकवतात. पडद्यावर अर्थातच ए होता.

मी हरकत घेताच ऑपरेटर म्हणाला, 'चूक असती तर कॉम्प्युटरनं लाल रेघ मारली असती, साहेब.' दोन्ही शब्द कोशात असल्यावर ते यंत्र तरी रेघ कशाला मारील? पण त्याचा पुढचा प्रश्न जिव्हारी लागला. 'आणि दुकान काय हलणार हाय का?'

दुर्दैवाने इतिहास त्याच्या बाजूचा होता. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठाजवळ एका जागी ठाण मांडून पुस्तके विकणारा तो 'स्टेशनर', आणि पुढे त्याच्या मालाला तेच नाव चिकटले. लंडनमधल्या या मंडळींच्या संघाला 1557 मध्ये राजसनदही मिळाली. म्हणजे दोन्ही शब्दांचे लॅटिन मूळ एकच, आणि ते न हलण्याचेच! हे ज्ञान मी ऑपरेटरपासून कटाक्षाने लपवले आणि उलट त्यालाच विचारले की, 2019 साली आयर्विन पुलाजवळ कृष्णामाई 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा पेठेतल्या किती वह्या जागच्या हलल्या नव्हत्या?

तो गप्प झाला. मेहुणा झाला नाही. 'दाजी, साऱ्या पेठेत ए आहे. आपल्याच पाटीवर ई दिसला तर लोक आपल्याला हसतील.' या युक्तिवादापुढे व्याकरणाचे काही चालत नाही.

शेवटी कायदा धावून आला. महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत असावीच लागते आणि ती अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजीची मात्र सक्ती नाही. मेहुण्याने इंग्रजी ओळ काढून टाकली, देवनागरी 'स्टेशनरी' दुप्पट केली आणि उरलेल्या जागेत 'झेरॉक्स' व 'लॅमीनेशन' घालायला सांगितले. त्यातल्या 'मी'वर माझी नजर गेली होती, पण तोवर मेहुण्याने चहा मागवला होता.